नऊ नंबर देवघराकडे निघाला

यंदाच्या सुट्टीत आमच्या बिल्डिंगमधली दोन कुटुंबं काश्मीरला, एक व्हिएतनामला आणि तळमजल्यावरचे आजोबासुद्धा नातवाकडे बंगळुरूला जाऊन आले. मी येऊर, घोडबंदर रोड आणि डोंबिवली केली. हसू नका. हा दौरा सलग केलेले किती लोक तुमच्या ओळखीत आहेत? आणि तोही शेवटच्या टप्प्यात मांडीवर बादली घेऊन?

आधी कारण सांगतो. मी वर्तकनगरातल्या एका मराठी शाळेत दुसरीला शिकवतो. इतकी वर्षं शिकवतोय की आता माझ्या वर्गात येणाऱ्या काही मुलांच्या बापांनाही पाढे मीच शिकवलेत, आणि बापाला ते अजून येत नाहीत हे मला मुलांकडून कळतं. वर्गाला लागून मागे एक लहान खोली आहे. ती मी 'निसर्गखोली' करायची म्हणून मागून घेतली होती. एवढ्या दिवसांत तिथे जमलं काय, तर एक वाळलेला भोपळा, सुगरणीचं पडलेलं घरटं आणि बरणीभर चिंचोके. चिंचोके बेरीज-वजाबाकीसाठी होते. झाकण नीट लावायचं राहिलं आणि वजाबाकी उंदरांनी केली.

शाळा संपायच्या दिवशी मोठ्या बाई खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी भोपळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आमच्यात त्यांना फारसा फरक वाटला नसावा. म्हणाल्या, "सर, जूनमध्ये इथे मुलांना दाखवण्यासारखं काही असेल तर खोली तुमची. नाहीतर पोषण आहाराची पोती मी इथे हलवणार."

बाईंचंही चूक नव्हतं. तांदळाची पोती व्हरांड्यात ओल धरतात आणि ही खोली शाळेतली सगळ्यात कोरडी. पण ती गेली असती तर माझ्या वर्गात फळा आणि मी एवढंच बघण्यासारखं उरलं असतं. म्हणून सुट्टी लागताच मी पिशवी घेऊन निघालो. फुकट मिळेल ते गोळा करायचं, हा एकच नियम.

येऊर

वर्तकनगरात राहणाऱ्या माणसाने येऊरला जाणं म्हणजे खरं तर परसात जाणं. त्यामुळेच आम्ही जात नाही. सुजाता, माझी बायको, लग्नानंतर दुसऱ्यांदा येत होती. पहिल्यांदा मी तिला तळ्याकाठी भेळ खायला घालतो सांगून चढ चढवला होता, त्याची आठवण तिने पहिल्या वळणावरच काढली.

सकाळी लवकर निघालेलो, तरी वर पोचेपर्यंत ऊन चढलं. पण बहावा असा फुलला होता की सुजाताचं बोलणं मध्येच थांबलं, आणि हे सहसा होत नाही. पिवळ्या झुंबरांच्या मधूनच गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगा लोंबत होत्या. खाली पडलेली एक मी उचलून हलवली तर आतल्या बिया खुळखुळल्या. माझ्यातला मास्तर जागा झाला. या तर वाजणाऱ्या मोजपट्ट्या! प्रत्येक गटाला वेगवेगळ्या लांबीची शेंग द्यायची आणि सगळ्यांना एकच बाक मोजायला सांगायचं. एका गटाचं उत्तर तीन शेंगा, दुसऱ्याचं पाच. मग जी भांडणं लागतील त्यातून सगळ्यांची मोजपट्टी एक का असावी लागते, हे मला शिकवावंच लागणार नाही. मी हे सुजाताला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे भांडणं लावायचा पगार घेता."

पुढे सागाची पानं मिळाली. पावसात कुजून, उन्हात वाळून त्यांचा मांसल भाग गळून गेला होता आणि नुसत्या शिरांची जाळी उरली होती, देवाच्या वस्त्राला लावावी इतकी नाजूक. खाली पान, वर कागद आणि मेणाचा खडू आडवा धरून घासला की शिरा कागदावर उमटतात. मी पिशवी भरली आणि पाणी प्यायला म्हणून खाली ठेवली. तेवढ्यात एका माकडाने ती उचलली. झाडावर बसून त्याने एकेक पान बाहेर काढलं, हुंगलं, खायला काही नाही याची खात्री करून घेतली आणि पिशवी खाली टाकून माझ्याकडे बघितलं. मोठ्या बाईंची तीच नजर होती.

उरलीसुरली पानं सुजाताच्या ओढणीत आणि शेंगा माझ्या काखेत, असे आम्ही परतलो. वॉचमनने अदबीने विचारलं, कुणाशी भांडण झालंय का.

घोडबंदर रोड

घोडबंदर रोडला हल्ली इमारतींची नावं वाचली तर आपण युरोपात आलो असं वाटतं. पण त्या टॉवरांच्या मागच्या गल्लीतून चालत गेलं की गाव लागतं, आणि गावाच्या मागे खाडी. तिथे भोईर बाई राहतात. आमच्याच शाळेतून निवृत्त झाल्या. एके काळी घरची मिठागरं आणि भातशेती होती, आता तिथे ग्रॅनाइटच्या पायऱ्यांचा बंगला आहे आणि पायऱ्यांवर सुकायला घातलेला जवळा.

आमच्याकडे पाहुण्याला "थोडं वाढू का?" असं विचारतात आणि पाहुण्याने "नको, नको" म्हणायचं असतं. भोईर बाईंकडे विचारण्याची पद्धत नाही. तांदळाची भाकरी ताटात पडते, ती संपायच्या आत दुसरी पडते आणि वाढणारी बाई शेजारी उभी राहून वाट बघते. कालवण निवट्यांचं होतं. निवट्या म्हणजे चिखलात राहणारे मासे. मी तीन वेळा वाढून घेतलं. म्हणजे मला तीन वेळा वाढण्यात आलं.

मग मी आणि भोईर बाई ओहोटीच्या वेळी धक्क्यावर गेलो. ताटात भेटलेल्या माशांचे नातेवाईक तिथे चिखलात उन्हं खात बसले होते. डोळे डोक्यावर, पुढचे पर हातासारखे टेकलेले, आणि जरा जवळ गेलं की चिखलावरून टणाटण उड्या मारत पळायचे. मासा पाण्यात राहतो, असं मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. मी भोईर बाईंना म्हटलं, यांना कुणी सांगितलं नाही वाटतं. त्या म्हणाल्या, "मला विचारू नका. माझं माहेर मलंगगडाकडचं, मी भातातली. चाळीस वर्षं सासरी आहे, पण या चिखलात पाय घातला नाही."

धक्क्याच्या दगडांत शंख पडलेले दिसले. काही लांबट, कुल्फीच्या कोनासारखे, काही गोल, सुपारीपासून लिंबापर्यंतच्या आकाराचे. माझ्या डोळ्यांसमोर चिंचोक्यांची बरणी आली. शंखांना उंदीर खात नाहीत, भुंगा लागत नाही, मुलं नाकात घालत नाहीत. गणिताचं असं साहित्य दुकानात मागितलं तरी मिळणार नाही. मी एकेक उचलून आत डोकावलो. काळोख होता. टकटक केलं. आतून कुणी काही बोललं नाही. भोईर बाईंनीही उचलून दिले, आणि बघता बघता वीस झाले.

बंगल्यावर येऊन मी ते नळाखाली धुतले, पुसले आणि पक्क्या शाईच्या मार्करने प्रत्येकावर आकडा घातला. एक ते वीस. शाळेतल्या खुर्च्यांना घालतात ना, तसे. भोईर बाईंनी मिठाईचा रिकामा खोका दिला. मी बसमध्ये तो मांडीवर धरून बसलो, आणि मोठ्या बाई ते शंख बघून काय म्हणतील याचे संवाद मनात घोळवत डोंबिवलीला ताईकडे पोचलो.

डोंबिवली

माझी ताई पोस्टातून निवृत्त झालीय, पण आवाजातला शिक्का गेलेला नाही. घर असं स्वच्छ की पाहुण्याला पाय कुठे ठेवावा हा प्रश्न पडावा. मे महिन्यात तिच्याकडे गच्चीवर वाळवण आणि ताटात आमरस असतो, म्हणून मी दरवर्षी जातो. ती माझ्या कशावरही सहजी खूश होत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा तिने विचारलं होतं, "दुसरीलाच का?"

त्या संध्याकाळी मात्र मी हॉलमध्ये शंखांची रांग मांडून वजाबाकी करून दाखवली, आणि ताई म्हणाली, "हे बरं सुचलं हं तुला." भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, पेपर खाली घेऊन बघत होते. ते फारसं बोलत नाहीत, पण पेपर खाली घेतला हेच खूप होतं. ओल राहू नये म्हणून मी खोका उघडाच ठेवला आणि समाधानाने झोपलो.

सकाळी मी आणि भाऊजी चहा घेत होतो. ताई पूजेला बसली होती. आतून तिचा आवाज आला, अगदी शांत.

"सुध्या, तुझा नऊ नंबर देवघराकडे निघालाय."

मला वाटलं, ती चिडवतेय. जाऊन बघितलं. फरशीवरून एक शंख चालला होता. खालून लालसर बारीक पाय, पुढे दोन दांड्यांवर डोळे, आणि पाठीवर माझ्या वळणदार अक्षरातला नऊ. मी वाकलो तसा तो थांबला आणि पाय आत घेऊन पुन्हा निर्जीव झाला.

खोक्यात बघितलं तर सहाच उरले होते.

जे हालचाल करतं, खातं, श्वास घेतं ते सजीव. दरवर्षी पहिल्याच पाठात मी हे शिकवतो. भोईर बाई माझ्याही आधीपासून शिकवत आल्या. आणि आम्ही दोघांनी मिळून जिवंत खेकडे साबण न लावता धुतले, पुसले, आणि त्यांच्या घरांवर आकडे घातले. शंख दुसऱ्याचा असतो आणि खेकडा त्यात राहायला येतो, हे मी वाचलं होतं. भाडेकरू घरात असेल हे डोक्यात आलं नाही.

ताई आरडाओरडा करेल असं वाटलं होतं, कारण पालीसाठी ती सगळी सोसायटी उठवते. पण तिने पदर खोचला आणि स्टीलचं ताट आणलं. मग तिघांची शोधमोहीम सुरू झाली. आकड्यांचा एक फायदा झाला, कोण सापडला आणि कोण नाही ते लगेच कळत होतं. दोन आणि अकरा फ्रिजखाली होते. पाच रांगोळीच्या डब्यामागे. भाऊजींनी पलंगाखालून आवाज दिला, "सोळा मिळाला, पण सुटत नाहीये." त्याने त्यांच्या चपलेचा अंगठा धरला होता. चौदा मात्र कुठेच नव्हता. शेवटी तो बाथरूममध्ये ओल्या फडक्याखाली मिळाला. त्याला बिचाऱ्याला एवढ्या चकचकीत घरात तेवढीच जागा राहण्यासारखी वाटली.

ताटात वीस जमले. खोक्यात राहिलेले सहा मात्र हलत नव्हते. मी भोईर बाईंना फोन लावला. आधी त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "सर, लगेच घेऊन या. फडकं ओलं ठेवा. नळाच्या पाण्यात बुडवू नका." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "मी रिटायर झाले ते बरं झालं. आता तुमचं बघा."

मी ताटाकडे बघत बसलो. खरं सांगतो, त्या वेळी मला खेकडे दिसत नव्हते, पोती दिसत होती. मोठ्या बाईंना दाखवायला माझ्याकडे या शंखांइतकं चांगलं काही नव्हतं. मी ताईला म्हटलं, की हे चौदा सोडून येऊ. उरलेले सहा रिकामेच असतील, ते ठेवतो. सहांवर मी काहीतरी बसवीन.

ताईने फडकं पिळता पिळता विचारलं, "असतील म्हणजे? तुला माहितीय की तुला हवंय?"

मी सहाही बादलीत टाकले.

शीळफाटा

भाऊजींची गाडी जुनी आहे आणि ते ती देवाची पालखी चालवावी तशी चालवतात. ताईनेही यायचं ठरवलं. माझ्या घरातून निघालेत तर माझ्यासमोरच सुटायला हवेत, म्हणाली. ती पुढे बसली, मी मागे, मांडीवर बादली आणि बादलीवर ओला टॉवेल. टॉवेल ताईने मिठाच्या पाण्यात भिजवला होता. किती मीठ ते तिने कैरीच्या लोणच्याच्या अंदाजाने घातलं, आणि चव बघायला मला लावलं.

शीळफाट्याला गाडी जी थांबली ती थांबलीच. पुढे ट्रक, मागे ट्रक, बाजूला ट्रक. उन्हाने काच हात लावू देत नव्हती. एसी लावावा तर त्यांना गार सोसतं का, हे तिघांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. ताई सारखी मागे वळून विचारत होती, हलताहेत का. मी टॉवेल उचलून बघत होतो. सकाळी घरभर फिरणारे आता एकजात आत शिरून बसले होते. सहा कुठले आणि चौदा कुठले, आकडे वाचल्याशिवाय ओळखू येत नव्हतं. बादलीत नुसते वीस शंख होते, मला कालपर्यंत हवे होते तसे.

एक ताडगोळेवाला खिडकीशी आला. बादलीत डोकावून म्हणाला, "कुठे विकायला नेताय?"

"सोडायला चाललोय," ताई म्हणाली.

"का?"

ताईने मान माझ्याकडे वळवली. "हा मास्तर आहे," म्हणाली. त्याचं समाधान झालेलं दिसलं. तो पुढच्या गाडीकडे गेला.

भाऊजी तेवढ्या प्रवासात एकच वाक्य बोलले. गाड्या हलल्या तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी ट्रकला मागे टाकलं आणि म्हणाले, "धरा बादली."

पुन्हा खाडी

पोचलो तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. भोईर बाई छत्री घेऊन धक्क्यावर उभ्या होत्या. मी बूट काढून चिखलात उतरलो, घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, आणि काठावर एकेक शंख ठेवत गेलो. माझ्या मागोमाग साडी वर धरून ताई उतरली. आणि तिच्या मागे, बराच वेळ चिखलाकडे बघून झाल्यावर, भोईर बाई.

काही हललं नाही. आम्ही तिघं वाकून उभे. वर धक्क्यावर भाऊजी गाडीच्या सावलीत बसलेले. पाण्याची चुळूक चुळूक आणि लांबून हायवेचा आवाज. ताई कुजबुजली, उशीर झाला का रे.

मग तीन नंबर हलला. एक पाय बाहेर आला, मग दुसरा, आणि तीन नंबर पाण्याकडे निघाला. त्याच्यामागे अठरा. मग आठ आणि नऊ एकदमच, एकमेकांना धडकत. ओल्या चिखलावर माझे आकडे वाटेल त्या क्रमाने चालत निघाले होते, आणि मला कुणालाही रांगेत लावावंसं वाटत नव्हतं.

"सर," भोईर बाई म्हणाल्या, "वर्ग सुटला तुमचा."

सकाळपासून न हललेले सहा तसेच बसून होते. माझा हात त्यांच्यापाशी होता, खोटं कशाला बोलू. पाणी आलं, पहिल्याला लागलं, आणि तो पाय काढून चालता झाला. मग दुसरा. असे पाच गेले. बारा नंबर राहिला. तो सगळ्यांत देखणा, लांबट, तपकिरी रेघांचा. मी उचलला, आत बघितलं. काल होता तसाच काळोख. ताईने काही बोलायला हवं होतं, म्हणजे निदान मला तिच्याशी वाद घालता आला असता.

मी तो परत ठेवला. पाणी त्याच्यावरून गेलं, आणि पुढचं मला माहीत नाही.

शाळा

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा खोलीत बहाव्याच्या शेंगा होत्या, माकडाने तपासलेली सागाची पानं होती आणि ताईने पाठवलेल्या पिशवीभर बिया. एवढ्या उन्हाळ्यात तिने भोपळ्याची, कलिंगडाची, काकडीची एक बी टाकली नव्हती. सोबत फोनवर निरोप होता, उंदरांचं तू बघ. शिपाई तांदळाचं पहिलं पोतं घेऊन दाराबाहेर येऊन उभा होता, आणि मोठ्या बाई आत, भिंतीला टेकून.

दाखवण्यासारखं फार नव्हतंच, म्हणून मी मुलांना शंखांची गोष्ट सांगितली. सोळाने भाऊजींची चप्पल धरली तिथे मागचा बाक खाली पडला. बाई हसल्या की नाही, बघायचं मला धाडस झालं नाही. मग मी दोन ताटं मांडली. एक सजीवांचं, एक निर्जीवांचं. प्रत्येकाने एक वस्तू उचलायची आणि योग्य ताटात ठेवायची. दगड गेला, पीस गेलं, खडू गेला.

तन्वी नावाची एक मुलगी आहे, यंदाच दुसरीत आलेली, दोन वेण्यांची. तिने कलिंगडाची एक काळी बी उचलली आणि ती दोन ताटांच्या मध्ये उभी राहिली. उभीच राहिली. मागे बाई, बाहेर पोतं. मी हळूच म्हटलं, अगं, ठेव ना कुठेतरी पटकन.

"थांबा ना सर. आधी ओल्या फडक्यात ठेवून बघते. मग सांगते."

मी रुमाल काढून माझ्या बाटलीतल्या पाण्याने भिजवला. तिने बी त्यात ठेवली आणि चारी टोकं दुमडली. मोठ्या बाई भिंत सोडून पुढे आल्या, तिच्याशेजारी वाकल्या.

"आणि हे तू कधी सांगणार?"

तन्वीने वर बघितलं. "तुम्हाला घाई आहे का?"

बाईंनी जरा विचार केला. "नाही," म्हणाल्या. मग दाराकडे वळून त्यांनी शिपायाला सांगितलं, की पोती जिन्याखाली ठेव, आणि आधी खाली फळ्या टाकून घे, तिथे ओल येते.